ढोलकी केसचे चार कोपरे

श्रावणजी गजभिये यांचं नाव पहिल्या ओळीत येईल, हे मी संपादकांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "अहो, दिवाळी अंकाचा लेख आहे, सत्काराचं भाषण नाही. सुरुवातीला घड्याळांचं काहीतरी गमतीचं येऊ द्या." मी म्हटलं, घड्याळांचं लिहितोच, पण नाव आधी. सीताबर्डीच्या आमच्या गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली, श्रावणजींचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं. आज मी नागपुरात घड्याळजी म्हणून बसलो आहे तो त्यांच्यामुळे. त्यांनी माझ्यासाठी काय घालवलं ते पुढे येईल. पैसे नव्हेत.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. शाळा सातवीत सुटली. गणिताच्या मास्तरांना आणि मला, दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. कोल्हापुरात एकाकडे गजराची घड्याळं उघडायला शिकलो आणि विसाव्या वर्षी, मामांच्या ओळखीनं, नागपुरात भैयाजींच्या दुकानी आलो. भैयाजी म्हणजे आमचे मालक. पुढे नवी घड्याळं विकायची, मागे दुरुस्तीची दोन टेबलं, त्यातलं खिडकीकडचं माझं. गावी जायचं तर दीड-दोन दिवस लागत, त्यामुळे मी जातच नसे. भाषा मराठीच, पण "मले", "तुले", "काहून" कानाला बसायला वर्ष गेलं. गल्लीत माझं नावच 'कोल्हापूर' पडलं. खोली श्रावणजींनी पाहून दिली, सक्करदऱ्याला, त्यांच्या घरापासून चार घरं सोडून. भैयाजींना "पोरगं घाबरट हाय, पण हात हलका हाय, ठेवून पाहा" असं सांगणारेही तेच.

घाबरट मी होतोच. उघडलेल्या घड्याळाचे स्क्रू तीनदा मोजायचो. टेबलाच्या कडेला लावलेला फडका पोटाशी खोचून बसायचो, म्हणजे काही उडालं तर झोळीत पडावं. इथून काढलं तर दुसरं काही येत नाही, ही गोष्ट रोज सकाळी दुकानाचं शटर वर सरकवताना आठवायची.

आता घड्याळांच्या आकारांविषयी. लोक घड्याळ म्हटलं की मशीनचा विचार करतात. आमचा निम्मा दिवस जातो तो मशीन ज्या धातूच्या घरात बसतं त्या घराशी, म्हणजे केसशी. गोल केस ही घड्याळजीची मावशी. काच फिरवून कशीही बसते, झाकण आट्यांचं असलं तर पाणी आत जात नाही, आणि बाजारात काच तयार मिळते. चौकोनी केस आली की कपाळाला आठी. तिची काच प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून, कानशीनं घासत घासत बसवावी लागते. तीन कोपरे नीट बसतात आणि चौथा उचलतो. त्या उचललेल्या कोपऱ्यातून धूळ आत शिरते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "काल तर साफ करून नेलं!" लांबट पातळ केस वकिलांना आवडायची, बाहीखालून अर्धी दिसली पाहिजे आणि अर्धी नाही. बायकांची घड्याळं अंडाकृती आणि इतकी बारीक, की त्यांची मशीनं चिमट्यात धरताना श्वास रोखावा लागे. एका परिचारिकाबाईंना त्यांच्या यजमानांनी हौसेनं तसलं अंडाकृती घड्याळ आणलं. त्या आठवड्यात परत आल्या. म्हणाल्या, "दिसते छान, पण याले सेकंदाचा काटाच नाही. मी नाडी मोजू कशावर? त्यांच्या प्रेमावर?" त्यांनी पुरुषी गोल घड्याळ नेलं आणि मनगटाच्या आतल्या बाजूनं बांधलं.

पुढे टीव्हीच्या आकाराची केस निघाली, कोपरे गोलावलेली, थोडी फुगीर. गल्लीतल्या बहुतेकांनी अजून टीव्ही पाहिलेला नव्हता, पण घड्याळ मात्र टीव्हीचं पाहिजे. लग्नाच्या दिवसांत वरपक्षाकडचे येऊन सांगत, "गोल नोको, गोल तर पोस्टमनकडेही असते." आणि एक काटोलकडचे गृहस्थ होते. त्यांनी चौकोनी घड्याळ हातात घेऊन मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "काटा कोपऱ्यात गेल्यावर जास्त चालावं लागते ना? मग टाइम मागं नाही पडत?" मी काटा फिरवून दाखवला. त्यांनी पाहिलं, मान डोलावली आणि गोल घड्याळ घेतलं.

या सगळ्यांत मला भीती वाटे ती ढोलकीची. पुस्तकी नाव तिला काहीतरी फ्रेंच आहे. आमच्या टेबलांवर आम्ही ढोलकी म्हणायचो. वरची आणि खालची बाजू सरळ कापलेली, दोन्ही कुशी बाहेर फुगलेल्या, पाठीला मनगटाच्या वळणाचा बाक. सरळ बाजू आणि फुगीर कूस जिथं भेटतात तिथं चार कोपरे. त्या चार कोपऱ्यांवर सगळं रूप. जुन्या चांगल्या ढोलक्यांत मशीनही त्याच आकाराचं, खास त्या केससाठी केलेलं असे. सुटा भाग मिळत नसे.

असलीच एक स्टीलची ढोलकी भिवापूरच्या मधुकररावांची होती. शेती आणि मिरचीचा व्यापार, घरचं बरं, बोलणं मोकळं. घड्याळ त्यांच्या वडिलांचं. वडिलांनी ते जुन्या सी. पी.च्या, म्हणजे इंग्रजी मध्य प्रांताच्या, काळात एका साहेबाकडून विकत घेतलेलं. भिवापूरहून येणारं घड्याळ उघडताना नाकाला रुमाल बांधायचा, हा आमच्याकडचा नियम. मिरचीची भुकटी झाकणाच्या खाचेत बसलेली असते. नवा असताना मी रुमाल न बांधता एक उघडलं होतं. शिंक आली, आणि एक सुतासारखी बारीक स्प्रिंग कुठं गेली ती आजतागायत सापडलेली नाही. यावेळी रुमाल बांधला. भुकटी, घाम, तेल यांनी केस काळवंडली होती. मधुकरराव म्हणाले होते, "पोरीचं लग्न हाय. बापाचं घड्याळ घालून मांडवात उभं राहायचं हाय मले. चमकलं पाहिजे."

झाकण उघडलं तर आत मशीन ढोलकीचं नव्हतं. एक लहान गोल मशीन होतं आणि त्याच्या भोवती, केसचा आकार भरून काढायला, हातानं घासून केलेली पितळेची चकती. इतकी बेमालूम बसवलेली की चावीची दांडी बरोबर भोकासमोर येत होती. मी काम विसरून ती चकती पाहत बसलो होतो. असली कानस मारणारा हात मी एकच पाहिला होता. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्या हाताची खूणही होती.

ही खुणांची गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक जण झाकणाच्या आत, सुईनं, भिंगाशिवाय दिसणार नाही अशी आपली खूण खरवडतो. कुणाचं अक्षर, कुणाचा आकडा, कुणाची नुसती रेघ. पुन्हा तेच घड्याळ आलं तर कळावं, की आपण याला कधी हात लावला आणि काय केलं. एका जुन्या झाकणात मी अशा सहा जणांच्या खुणा पाहिल्या आहेत. आणि बाजाराची रीत अशी, की दुसऱ्याची खूण गिऱ्हाइकापुढे वाचायची नाही. या झाकणात अर्धचंद्र होता, पुढे काही आकडे आणि एक बारीक फुली. अर्धचंद्र श्रावणजींचा. फुलीचा अर्थ मला ठाऊक नव्हता. रीतीप्रमाणे मी काही बोललो नाही. साफ केलं, तेल दिलं, माझी खूण खाली खरवडली आणि झाकण लावलं.

मग चमकवायचं होतं. ते मी बफच्या, म्हणजे कापडी पॉलिशच्या, चाकावर केलं. चाक जोरात फिरत होतं, केस चांदीसारखी होत चालली होती, आणि मला आपलं काम आवडू लागलं होतं. त्या आवडण्यात मी दोन-तीन मिनिटं जास्त धरली. चारही कोपरे गेले. मोडले नाहीत, फक्त विरघळल्यासारखे गोल झाले. मला ते दिसलं. पण इतकं लखलखतंय, कुणाच्या लक्षात येणार, असं म्हणून मी पट्टा लावून घड्याळ दिलं.

मधुकररावांनी ते खिशात घालून नेलं. चौथ्या दिवशी सकाळच्या बसनं परत आले. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"भैयाजी, हे माह्यं घड्याळ नाही."

भैयाजी हसले. "तुमचंच आहे रावसाहेब. चमकवलंय म्हणून वेगळं दिसतंय."

"माह्या बापाच्या घड्याळाले कोपरे होते. लहानपणी मी त्याच्यावर नख घासत बसत जाऊ. हे पाहा, साबणाची वडी होऊन राहिली!" मग हळू म्हणाले, "मी हे येताना दुसऱ्या एका घड्याळजीले दाखवलं. त्यानं उघडलं. म्हणते, आतली मशीन या केसचीच नाही. केस डुप्लिकेट, मशीन दुसरी. तुमच्या माणसानं माल बदलला."

माल बदलला. आमच्या धंद्यात यापुढे शिवी नाही. घड्याळ बिघडवलं तर गिऱ्हाईक भांडतं आणि पुन्हा येतं. बदललं म्हटलं तर गल्लीतून उठावं लागतं. आणि मी तर परका. माझ्या बाजूनं "याला लहानपणापासून ओळखतो" म्हणणारा माणूस दीड दिवसाच्या अंतरावर.

भैयाजींनी मला आत नेलं. "कोल्हापूर, सच बोल. बदललं का?"

"नाही."

"मग मशीन?"

मी गप्प. तोंड उघडायचं तर श्रावणजींचं नाव घ्यावं लागलं असतं. पुढे कुणी कुणी माझ्या त्या गप्प राहण्याचं कौतुक केलं, की पोरानं उपकाराची जाण ठेवली. ते खरं नाही, म्हणजे पूर्ण खरं नाही. माझी जीभच वळत नव्हती. भीतीनं गप्प बसलो की कृतज्ञतेनं, हे मला त्या वेळीही नीट सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

"दो दिन," भैयाजी म्हणाले. "परवा ते पुन्हा येतायत. तोपर्यंत कुछ तो बता. नाही तर मला पोलिसात जाऊ द्यावं लागेल त्यांना, आणि तुला गावाकडे."

दोन दिवस मी टेबलावर बसलो, पण भैयाजींनी मला एकही घड्याळ उघडायला दिलं नाही. श्रावणजींच्या जिन्याकडे मी पाहिलंही नाही. त्यांना हे चहावाल्याकडून कळलं. गल्लीत कुठलीही गोष्ट चहाबरोबरच पोचायची.

ठरल्या वेळी मधुकरराव आले. त्यांच्या मागोमाग श्रावणजी. डोळ्यावरचं भिंग तसंच कपाळावर सरकवलेलं, म्हणजे हातातलं काम टाकून उठलेले. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. काउंटरवरचं घड्याळ उचललं, झाकण काढलं आणि भिंग खाली ओढलं.

"मधुकरराव, बावीस वर्षांमागं हे घड्याळ तुमी कोणाकडं टाकलं होतं?"

मधुकररावांनी आठवून पाहिलं. "तुमच्याकडंच तर. माह्या स्वतःच्या लग्नाच्या टायमाले."

"हा चंद्र मह्या नावाचा. हा महिना, हे साल. आन् ही फुली म्हणजे आतलं बदललं." श्रावणजींनी भिंग वर केलं. "मे महिना होता. हाताले घाम. मशीन मह्या हातून फरशीवर पडली. चाकं धरून ठेवणारा मधला पूलच तुटला. तीन हप्ते नागपूर पालथं घातलं, तसली मशीन भेटली नाही. तुमचं लग्न आलं होतं. मंग मी दुसरी गोल मशीन बसवली, भवताली पितळ भरलं, आन् तुमाले काही सांगितलं नाही. साफसफाईचेच पैसे घेतले, पण सांगितलं नाही. या पोरानं मशीनले काही केलं नाही."

दुकानात एक सोनार उभे होते. ते आपल्या गिऱ्हाइकांची भारी घड्याळं श्रावणजींकडेच देत. त्यांनी श्रावणजींकडे पाहिलं ते मला अजून आठवतं.

मधुकररावांनी उघडं घड्याळ हातात घेऊन आत पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे बावीस वर्षं मी दुसऱ्याचंच काळीज मनगटाले बांधून फिरून राहिलो?"

"होय जी."

"आन् टाइम तर बरोबर देते!" ते हसले. मोठ्यानं हसले. भैयाजीही हसले, सुटल्यासारखे. मला वाटलं, संपलं. पण मधुकररावांनी घड्याळावर अंगठा फिरवला आणि त्यांचं हसू ओसरलं.

"आतलं जाऊ द्या गा श्रावणजी. आतलं मले कधी दिसलंच नाही. पण हे कोपरे? हे तर मी रोज पाहत होतो."

श्रावणजी माझ्याकडे वळले. "आता तू बोल. मह्यं मी बोललो."

मी सांगितलं. चाकावर जास्त वेळ धरलं, कोपरे गेले, दिसलं होतं, तरी तसंच दिलं. वाक्यं चारच होती, पण म्हणायला वेळ लागला.

"परत येतीन का?" मधुकररावांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "गेलेलं स्टील परत येत नाही."

त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि घड्याळ मनगटावर बांधलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "लेकीच्या लग्नात फोटो निघतीन," एवढंच म्हणाले आणि बसस्टँडकडे गेले.

म्हणजे हिशेब असा झाला, की मोठी लबाडी त्यांनी हसण्यावारी नेली आणि माझी दोन-तीन मिनिटांची चूक त्यांना लागली. घड्याळाचा आकार ही दिखाऊ गोष्ट, खरं ते मशीन, असं मी तोवर मानत होतो. त्या दिवसानंतर मानलं नाही. माणूस मशीनला कधी हात लावत नाही. तो नख घासतो ते कोपऱ्यावर.

माझी खुर्ची राहिली. श्रावणजींचं मात्र तसं झालं नाही. मधुकररावांनी माफ केलं, गल्लीनं केलं नाही. सोनारांनी पहिल्यांदा घड्याळं पाठवणं थांबवलं. मग लोक मुद्दाम विचारू लागले, "श्रावणजी, फुली तर नाही ना मारणार?" ते म्हणत, "मारली तर तुले दाखवून मारीन बाप्पा." हसून म्हणत. दोन वर्षांत त्यांनी जिन्याखालचं टेबल उचललं आणि सक्करदऱ्याला घराच्या ओसरीत मांडलं. तिथं यायची ती गजराची घड्याळं आणि भिंतीवरची. सोनारांची भारी घड्याळं कुणाकडे येऊ लागली? माझ्याकडे. मी निर्दोष ठरलो होतो ना. ती मी घेतली. नाही म्हणायला हवं होतं का, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे, आणि प्रत्येक वेळी घेतच राहिलो आहे.

रविवारी त्यांच्या ओसरीवर बसायचो. त्यांनी मला आकार राखायला शिकवलं. केस चाकाला न्यायचीच नाही. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरायचा, केस त्यावर पालथी ठेवायची आणि एकाच दिशेनं ओढायची; एक बाजू झाली की मग दुसरी. कोपऱ्यावर बोट दाबायचं नाही. "चाकाले फक्त गोल समजते," ते म्हणत, "तुले चारी बाजू समजल्या पाहिजे." आज माझ्याकडे चौकोनी, लांबट, ढोलकी केस घेऊन लोक अमरावती-चंद्रपूरहून येतात. मी कोपरे राखतो, अशी माझी ख्याती आहे. ती कुठून आली ते त्यांना माहीत नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही का आलात त्या दिवशी? मी तर तुमचं नाव घेतलं नव्हतं. ते गजराच्या घड्याळात गुंतले होते. "तुह्यासाठी नाही आलो," म्हणाले. "ते पितळ बावीस वर्षं मह्या डोक्यात टोचून राहिलं होतं. बोललो, पण अजून तिथंच हाय ना ते. त्या केसमंदी तिची मशीन गेली असती, म्हंजे झालं असतं."

हे त्यांनी एकदाच म्हटलं. मी मात्र त्या मशीनचा नंबर श्रावणजींच्या जुन्या वहीतून उतरवून घेतला. तेव्हापासून हैदराबाद, कलकत्ता, मुंबई, जिथं जिथं भंगारात जुनी घड्याळं निघतात तिथल्या ओळखीच्यांना पत्रं टाकतो. एकदा मिळालं तर अर्धंच होतं. एकदा पूर्ण मिळालं, पण गंजून दगड झालेलं. आता बॅटरीची घड्याळं आली आहेत, आणि जुनी मशीनं लोक किलोवर विकतात. त्यामुळे ते हाती लागण्याची शक्यता उलट वाढली आहे, असं मला वाटतं. मधुकररावांना मी भिवापूरला कळवून ठेवलं आहे. त्यांचं उत्तर आलं, "घड्याळ हाय. कोपरे नाहीत. पण हाय."

श्रावणजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं त्यांनी लांबणीवर टाकलंय. म्हणतात, "पाहायचं काय राहिलं आता?"

राहिलंय, श्रावणजी. ते मशीन मी आणणार आहे. माझ्या टेबलावर ते बसवणार नाही. तुमच्या ओसरीवर, तुमच्या हातानं तुम्ही बसवाल. मधुकरराव समोर असतील आणि भिंग मी धरीन. त्या पितळेच्या चकतीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. हे मी करीन, श्रावणजी. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. तेवढा दुसरा डोळा करून घ्या.